जुन्या शर्यतीच्या मोटरसायकलींचे सिलिंडर हेड : स्टड, बोल्ट आणि नट निवडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या शर्यतीच्या मोटरसायकली पुन्हा उभ्या करणाऱ्या मुंबईतल्या मंडळींकडून जे प्रश्न आम्हाला नेहमी विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. उदाहरणे बहुतांशी चार-स्ट्रोक, हवेने थंड होणाऱ्या, एक किंवा दोन सिलिंडरच्या इंजिनांची आहेत. आपल्या इंजिनाचे मूळ मॅन्युअल उपलब्ध असेल, तर आधी ते वाचावे आणि मग हे पान.

हेडच्या स्टडचे नेमके काम काय? तो हेडला जागेवर धरून ठेवतो, एवढेच ना?

एवढेच नाही. आवळलेला स्टड, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेली पोलादी दांडी, ही एक ताणलेली, अतिशय कडक स्प्रिंग असते. नट फिरवताना आपण स्टडला किंचित लांब करतो आणि तो पूर्वीच्या लांबीवर परत येण्याच्या धडपडीत हेड (सिलिंडरचे वरचे झाकण), गॅस्केट (दोघांमधला वायू अडवणारा पातळ थर) आणि सिलिंडर एकमेकांवर दाबून धरतो. सिलिंडरमध्ये स्फोट होतो तेव्हा वायूचा दाब हेडला वर ढकलतो. स्टडने आधीच धरलेला जोर या ढकलण्यापेक्षा बराच जास्त असेल, तर गॅस्केटच्या फटीत काही हालचाल होत नाही आणि स्टडलाही दर फेऱ्यामागे थोडासाच जादा ताण सोसावा लागतो. जोर कमी असेल तर हेड दर स्फोटाला सूक्ष्म प्रमाणात उचलले जाते, गॅस्केट फुंकते आणि स्टडवरचा ताण दर मिनिटाला हजारो वेळा वर-खाली होऊ लागतो. ढिला राहिलेला स्टड घट्ट आवळलेल्या स्टडच्या आधी तुटतो, हे अनेकांना पटत नाही; पण धातूच्या थकव्याचा, म्हणजे वारंवार वर-खाली होणाऱ्या ताणाने हळूहळू तडकण्याचा, नियम तोच आहे. म्हणून निवडीचा पहिला प्रश्न ‘हा बोल्ट किती मजबूत आहे’ हा नसून ‘हा बोल्ट किती ताणला जाईल आणि तो ताण कोण पेलणार आहे’ हा आहे.

माझ्या इंजिनाला किती जोर लागतो, हे कसे काढावे?

ढोबळ हिशेब कोणालाही करता येतो. बुलेट ५०० चा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ८४ मिलिमीटर आहे, व्हिन्सेंट या जुन्या ब्रिटिश मोटरसायकलचाही तेवढाच. या बोअरचे क्षेत्रफळ सुमारे ५,५४० चौरस मिलिमीटर भरते. शर्यतीसाठी कॉम्प्रेशन वाढवलेल्या इंजिनात स्फोटाचा कमाल दाब ७ मेगापास्कल, म्हणजे ७० बार धरला, तर हेडला वर ढकलणारा जोर सुमारे ३९ किलोन्यूटन, म्हणजे जवळजवळ चार टन होतो. हा जोर चार स्टडांत वाटला तर प्रत्येकाच्या वाट्याला पावणेदहा किलोन्यूटन येतात.

आता दुसरी बाजू पाहू. ८ मिलिमीटरच्या, १.२५ पिचच्या (दोन आट्यांमधले अंतर १.२५ मिलिमीटर) ८.८ वर्गाच्या स्टडला (वर्गांचा अर्थ पुढच्या प्रश्नात) त्याच्या प्रूफ लोडच्या, म्हणजे कायमचा न लांबता तो सोसू शकेल त्या भाराच्या, तीन चतुर्थांशापर्यंत आवळले तर सुमारे १६ किलोन्यूटन मिळतात. चार स्टडांचे ६४. म्हणजे दाबाच्या दीडपटीहून थोडे जास्त, जे शर्यतीसाठी अपुरे आहे. त्याच मापाचा १०.९ वर्गाचा स्टड पावणेतेवीस किलोन्यूटन देतो आणि चारांचे ९१ होतात, म्हणजे सव्वादोनपटीहून अधिक. मात्र १० मिलिमीटरचा साधा ८.८ वर्गाचा स्टड एकटा २५ किलोन्यूटन देतो आणि चारांचा जोर शंभराच्या वर जातो. जागा असेल तर भारी पोलादापेक्षा जाड स्टड अधिक काम करतो. अडचण अशी की जुन्या सिलिंडरमध्ये ती जागा बहुधा नसते. भोक मोठे केले की बोअरची भिंत किंवा पुशरॉडचा (झडपा उघडणाऱ्या दांडीचा) बोगदा जवळ येतो. तेव्हाच पोलादाचा वर्ग वाढवण्याचा विचार रास्त ठरतो.

८.८, १०.९ आणि १२.९ या आकड्यांचा अर्थ काय? आणि जुन्या ब्रिटिश नकाशावरचे ‘५५ टन’ म्हणजे काय?

पहिला आकडा शंभराने गुणला की तुटण्याची ताकद मेगापास्कलमध्ये मिळते. दुसरा आकडा यील्डचे त्या ताकदीशी असलेले प्रमाण सांगतो. यील्ड म्हणजे जिच्या पलीकडे पोलाद पूर्ववत होत नाही ती मर्यादा. त्यामुळे ८.८ म्हणजे ८०० ची ताकद आणि ६४० चे यील्ड, १०.९ म्हणजे १,००० आणि ९००, तर १२.९ म्हणजे १,२०० आणि १,०८०. भारतीय मानक आयएस १३६७ मध्येही हेच वर्ग आहेत.

जुन्या ब्रिटिश नकाशांवर ताकद टन प्रति चौरस इंचात दिलेली असते. एक टन म्हणजे सुमारे १५.४ मेगापास्कल, म्हणून ५५ टनांचे पोलाद साधारण ८५० मेगापास्कलचे, म्हणजे आजच्या ८.८ हून किंचित सरस. ‘टी’ स्थितीतले (ठरावीक उष्णता-संस्कार केलेले) ईएन १६ आणि ईएन २४ हे ब्रिटिश पोलाद या पट्ट्यात बसते. थोडक्यात, त्या काळच्या नामांकित रेसिंग इंजिनांचे स्टड आजच्या साध्या मोटारीतल्या बोल्टांइतकेच मजबूत होते आणि तरी ती इंजिने शर्यती पूर्ण करत होती.

मग सर्वांत मजबूत, म्हणजे १२.९ वर्गाचे बोल्ट बसवून निश्चिंत का होऊ नये?

हा प्रश्न आम्हाला सर्वाधिक वेळा विचारला जातो, म्हणून उत्तरही सविस्तर देतो.

पहिली गोष्ट : पोलादाचा वर्ग बदलल्याने बोल्ट अधिक कडक होत नाही. ८.८ असो वा १२.९, स्थितिस्थापकतेचा गुणांक सर्वांचा सुमारे २०५ गिगापास्कल एवढाच असतो. सारख्या जोराने दोन्ही सारखेच लांबतात. १२.९ चा उपयोग तो जास्त आवळला तरच होतो. जुन्याच टॉर्कवर (पान्याने दिलेल्या पिळावर) आवळलेला १२.९ चा बोल्ट ८.८ च्या बोल्टहून काडीचेही जास्त काम करत नाही.

दुसरी गोष्ट : जास्त आवळायचे तर ज्या ॲल्युमिनियममध्ये स्टडचे खालचे टोक बसले आहे, त्याने ते सोसले पाहिजे. ८ मिलिमीटरचा स्टड क्रँककेसमध्ये, म्हणजे सिलिंडरखालच्या इंजिनाच्या ओतीव पेटीत, १२ मिलिमीटर खोल गेला आहे आणि वाळूच्या साच्यात ओतलेल्या त्या जुन्या धातूची कातरली जाण्याची ताकद १०० मेगापास्कल आहे, असे धरू. मग ते आटे सुमारे २४ किलोन्यूटनला सोलून निघतील. १२.९ चा स्टड वरच्याच हिशेबाने, म्हणजे प्रूफ लोडच्या तीन चतुर्थांशापर्यंत, आवळला तर तो साडेसव्वीस किलोन्यूटन मागतो. म्हणजे स्टड शाबूत राहील आणि सत्तर वर्षांपूर्वीची क्रँककेस हातात येईल. स्टड तुटला तर काही शे रुपयांचे नुकसान होते. क्रँककेसचे आटे गेले तर नुकसान किती, हे ज्याने ती परदेशातून मागवली आहे त्यालाच विचारावे.

तिसरी गोष्ट : १२.९ ची कठीणता ३९ ते ४४ रॉकवेल सी (कठीणता मोजण्याचे एक माप) असते. या कठीणतेचे पोलाद हायड्रोजनमुळे ठिसूळ होण्यास आणि खाऱ्या, दमट हवेत ताणाखाली तडकण्यास फार संवेदनशील असते, आणि मुंबईची हवा कशी आहे हे सांगायला नको.

आमचे मत असे की बहुतेक जुन्या एकसिलिंडरी इंजिनांना चांगल्या प्रतीचा १०.९ वर्ग पुरेसा असतो आणि अनेकांना नीट बनवलेला ८.८ सुद्धा पुरतो.

इंजिन गरम झाल्यावर स्टड ढिला होतो की अधिक ताणला जातो?

ॲल्युमिनियमच्या हेडखालचा पोलादी स्टड अधिक ताणला जातो. एक अंश तापमानवाढीला पोलाद मीटरमागे सुमारे १२ मायक्रोमीटर वाढते, बीड ११ आणि ॲल्युमिनियम २३. त्यात भर म्हणजे हेड आणि सिलिंडर स्टडपेक्षा जास्त तापतात.

हेड आणि सिलिंडर दोन्ही ॲल्युमिनियमचे आणि स्टड त्यांच्यातून थेट क्रँककेसपर्यंत गेलेला, अशी रचना घ्या. ॲल्युमिनियम १३० अंशांनी आणि स्टड १०० अंशांनी तापला, तर दर १०० मिलिमीटरमागे ॲल्युमिनियम ०.३० आणि स्टड ०.१२ मिलिमीटर वाढतो. उरलेले ०.१८ मिलिमीटर स्टडला ताणून भरून काढावे लागतात आणि त्यासाठी कागदावर सुमारे ३७० मेगापास्कलचा जादा ताण येतो. गॅस्केट आणि सिलिंडरही थोडे दबत असल्याने प्रत्यक्षातला आकडा कमी असतो. तरीही थंड असताना ६२० पर्यंत आवळलेला १०.९ चा स्टड शर्यतीच्या मध्यावर यील्डच्या उंबरठ्यावर पोहोचू शकतो. एकदा तो ओलांडला की इंजिन थंड झाल्यावर स्टड लांबच राहतो, नट ढिला सापडतो आणि मालक म्हणतो की मेकॅनिकने नीट आवळले नव्हते. या रचनेत थंड इंजिनावर प्रूफ लोडच्या निम्म्याहून थोड्याच वर थांबणे शहाणपणाचे असते.

सिलिंडर बिडाचा आणि फक्त हेड ॲल्युमिनियमचे असेल तर चित्र बदलते. १२० मिलिमीटर लांबीच्या स्टडखाली ३५ मिलिमीटर ॲल्युमिनियम आणि ८५ मिलिमीटर बीड असेल, तर वरच्याच तापमानांना जादा ताण १४० मेगापास्कलच्या आसपास येतो. तेच हेड बिडाच्या सिलिंडरच्या माथ्यात बसवलेल्या आखूड स्टडांनी धरले असेल, तर ताणली जाणारी लांबी जवळजवळ सगळी ॲल्युमिनियमच्या शेजारची असल्याने आकडा पुन्हा ३७० कडे जातो. मिश्र धातूंच्या इंजिनात लांब स्टड हा म्हणूनच वरदान ठरतो. संपूर्ण ॲल्युमिनियमच्या इंजिनात केवळ लांबी वाढवून या बाबतीत काही साधत नाही.

मधला भाग बारीक केलेले स्टड का वापरतात? ते कमजोर नसतात का?

दिसतात, पण नसतात. स्टड नेहमी आट्यांच्या मुळाशी तुटतो, कारण तिथे व्यास सर्वांत कमी आणि खाचेमुळे ताण सर्वांत जास्त असतो. मधला दांडा आट्यांच्या मूळ व्यासाइतका किंवा त्याहून किंचित बारीक केला की लांबण्याचे काम त्या गुळगुळीत दांड्यावर जाते आणि आट्यांची सुटका होते. वर सांगितलेल्या उष्णतेच्या वाढीतही बारीक दांडा त्याच लांबणीला कमी जोर निर्माण करतो, त्यामुळे ॲल्युमिनियमचे आटे आणि गॅस्केट या दोघांवरचा भार कमी होतो. अट एकच : दांडा आणि आटे यांच्या सांध्यावर मोठी, गुळगुळीत गोलाई हवी. तिथे लेथच्या हत्याराची एक ओरखड जरी राहिली तरी सगळा फायदा वाया जातो. बुशसारखा मधे थोडा जाड ठेवलेला कॉलर सिलिंडर मध्यावर आणण्यासाठी लागत असेल, तर तो कॉलर काढू नये.

स्टड चांगला की बोल्ट?

ॲल्युमिनियममध्ये आटे असतील तर स्टड. बोल्ट प्रत्येक वेळी काढताना-घालताना ॲल्युमिनियमचे आटे घासले जातात, आणि शर्यतीचे इंजिन एका हंगामात किती वेळा उघडावे लागते ते सर्वांना ठाऊक आहे. स्टड एकदा बसला की झीज होते ती पोलादी नटाची. ट्रायम्फसारख्या इंजिनांत मूळ रचनाच बोल्टांची असेल आणि चौकटीत स्टडवरून हेड उचलायला जागा नसेल, तर बोल्टच ठेवावा.

मुंबईतल्या नागदेवीच्या बाजारात ‘तीन सूत’ सांगितले की काम होते का?

अर्धेच होते. तीन सूत म्हणजे तीन अष्टमांश इंच, अडीच सूत म्हणजे पाच षोडशांश. पण यातून व्यास कळतो, आटे कळत नाहीत. तीन सुताच्या बोल्टवर बीएसडब्ल्यूचे (ब्रिटिश जाड आटे) इंचाला १६ आटे असतात, बीएसएफचे (ब्रिटिश बारीक) २०, यूएनएफचे (अमेरिकन बारीक) २४ आणि सायकल थ्रेडचे २६. शिवाय व्हिटवर्थ घराण्यातल्या, म्हणजे बीएसडब्ल्यू आणि बीएसएफच्या आट्यांचा कोन ५५ अंश असतो, तर सायकल थ्रेड, यूएनएफ आणि मेट्रिक यांचा ६०.

खरी फसगत तिथे होते जिथे आटे जवळजवळ जुळतात. तीन सुतात बीएसडब्ल्यू आणि यूएनसी (अमेरिकन जाड) या दोन्हींचे आटे इंचाला १६ असल्याने एकाचा नट दुसऱ्यावर आनंदाने चढतो. मात्र कोन वेगळा असल्याने आट्यांच्या बाजू पूर्ण टेकत नाहीत आणि जोर मोजक्या कडांवर येतो. तसेच अडीच सूत म्हणजे ७.९४ मिलिमीटर, त्यामुळे ‘साहेब, आठचा चालेल’ हे वाक्य बाजारात हमखास ऐकू येते. आठच्या मेट्रिक बोल्टला इंचाला सुमारे २०.३ आटे असतात, अडीच सुताच्या बीएसएफला २२. दोन-तीन फेरे हाताने फिरतात, मग पान्याने फिरतात आणि त्यानंतर क्रँककेसचे आटे फिरतात.

व्हिटवर्थ आणि मेट्रिक असे दोन पिच गेज (आट्यांचे अंतर ताडून पाहण्याच्या दातेरी पट्ट्या) खिशात ठेवूनच बाजारात जावे. एकाच स्टडच्या दोन टोकांना वेगवेगळे आटे असू शकतात हेही लक्षात ठेवावे : ॲल्युमिनियममध्ये जाणारे टोक जाड आट्यांचे आणि नटाचे टोक बारीक आट्यांचे, ही चांगली आणि जुनी पद्धत आहे. जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मांडलेल्या आट्याच्या तळाशी मुळातच गोलाई आहे, जी धातूच्या थकव्याविरुद्ध उपयोगी पडते. त्यामुळे केवळ सोयीसाठी जुने इंजिन मेट्रिक करून घेऊ नये, असा आमचा आग्रह आहे.

क्रँककेसचे आटे आधीच गेलेले असतील तर?

पोलादी तारेचे इन्सर्ट, ज्यांना सगळे हेलिकॉइल म्हणतात, नीट बसवले तर मूळ आट्यांपेक्षा सरस ठरतात, कारण त्यांच्यामुळे ॲल्युमिनियममधला आटा मोठ्या व्यासाचा होतो आणि भार अधिक क्षेत्रावर पसरतो. ॲल्युमिनियममधली खोली व्यासाच्या किमान दीडपट आणि शक्यतो दुप्पट असावी. पोलादात एक व्यास पुरतो. भोक हातातल्या ड्रिलने पाडू नये. क्रँककेस मिलिंग मशीनवर बांधून, वरच्या पृष्ठभागाशी काटकोन तपासूनच ते पाडावे, नाहीतर चार स्टड चार दिशांना पाहतील आणि हेड खाली उतरणारच नाही.

स्टेनलेस किंवा टायटॅनियम चालेल का?

बाजारात मिळणारे चकचकीत ए२-७० स्टेनलेस हेडसाठी नको. त्याचे यील्ड ४५० मेगापास्कल आहे, म्हणजे ८.८ हूनही बरेच कमी; आणि स्टेनलेसवर स्टेनलेसचे आटे आवळताना मधेच जाम होतात. त्याचे प्रसरण (एका अंशाला मीटरमागे मायक्रोमीटरमध्ये) सुमारे १६ ते १७ असल्याने ते ॲल्युमिनियमला पोलादापेक्षा जवळचे आहे, हा त्याचा एकमेव गुण. तो गुण ताकदीसह हवा असेल तर विमानांच्या इंजिनांत वापरला जाणारा ए-२८६ हा मिश्रधातू आहे. तो महाग आहे, पण रास्त पर्याय आहे. प्रसरण जुळवण्याचा प्रयोग पोर्शेनेही हवेने थंड होणाऱ्या ९११ मध्ये डिलावार नावाच्या मिश्रधातूचे स्टड वापरून केला होता. ते स्टड पुढे गंजामुळे तुटू लागले. प्रसरणाचे गणित सुटले तरी गंजाचे उरते.

टायटॅनियम हेडसाठी आम्ही सुचवत नाही. त्याचे प्रसरण ९ च्या आसपास, म्हणजे पोलादाहूनही कमी आहे, आणि वाचणारे वजन काही ग्रॅमचे असते.

टॉर्क किती द्यावा? मॅन्युअलचा आकडा नव्या स्टडला चालतो का?

टॉर्क हा आवळण्याच्या जोराचा फक्त अंदाज असतो. पान्यावर दिलेल्या श्रमापैकी साधारण निम्मे नटाच्या बुडाशी घर्षणात जातात, चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात आणि स्टड ताणण्यासाठी उरतात ते जेमतेम दहा टक्के. त्यामुळे वंगण बदलले की सगळा हिशेब बदलतो.

उदाहरण घेऊ. तीन सुताच्या बीएसएफ स्टडचे ताण पेलणारे क्षेत्रफळ सुमारे ५४ चौरस मिलिमीटर आहे. ८.८ च्या ताकदीचा असा स्टड साडेतेवीस किलोन्यूटनपर्यंत आवळायला कोरड्या आट्यांवर सुमारे ४५ न्यूटन-मीटर लागतात, तेल लावले तर ३४ आणि मॉलिब्डेनमची पेस्ट लावली तर २७. आता कोणी कोरड्यासाठीचा ४५ चा आकडा पेस्ट लावून वापरला, तर स्टडमध्ये सुमारे ३९ किलोन्यूटन, म्हणजे ७०० मेगापास्कलहून अधिक ताण येतो, आणि यील्ड तर ६४० आहे. पाना ‘टक’ असा आवाज करतो, सगळे समाधानी होतात, आणि स्टड मात्र तिथेच निकामी झालेला असतो.

मॅन्युअलचा आकडा कोणत्या वंगणासाठी आहे हे शोधावे, तेच वंगण आट्यांना आणि नटाच्या बुडालाही लावावे आणि कर्णाच्या क्रमाने तीन टप्प्यांत आवळावे. मूळ आकडा मूळ स्टडसाठी आणि मूळ ॲल्युमिनियमसाठी ठरवलेला असतो. स्टड भारी झाला म्हणून तो आकडा वाढवू नये, कारण क्रँककेस तीच आहे. स्टडची दोन्ही टोके हाताशी येत असतील तर मायक्रोमीटरने लांबण मोजणे सर्वांत खात्रीचे : १०.९ चे पोलाद ६२० मेगापास्कलवर दर १०० मिलिमीटरमागे ०.३० मिलिमीटर लांबते.

पहिल्यांदा इंजिन पूर्ण तापवून रात्रभर थंड होऊ द्यावे आणि मग एकेक नट थोडा सोडून पुन्हा आवळावा. तांब्याचे गॅस्केट असेल तर हे दोनदा करावे.

नट आणि वॉशर साधे चालतील का?

नाही. १०.९ च्या स्टडवर १० वर्गाचा, पूर्ण उंचीचा नट हवा. नटातला पहिला आटा एकूण भारापैकी सुमारे एक तृतीयांश भार घेतो; नट मऊ किंवा बुटका असेल तर तो आटा वाकतो आणि आवळ हळूहळू उतरते. वॉशर ३०० विकर्सच्या (कठीणतेचे आणखी एक माप) कठीणतेचा, दोन्ही बाजूंनी ग्राइंड केलेला असावा. साधा वॉशर नटाखाली दबतो आणि ॲल्युमिनियममध्ये रुततो. स्प्रिंग वॉशरला हेडवर जागा नाही. टोपीचा नट वापरत असाल तर स्टडचे टोक टोपीच्या आत टेकत नाही ना, हे मेणाचा गोळा घालून तपासावे. टेकत असेल तर पाना पूर्ण टॉर्क दाखवतो आणि हेड मोकळेच राहते.

बाजारातून घेतलेला बोल्ट खरोखर १०.९ चा आहे, हे कसे ओळखावे?

डोक्यावरच्या आकड्याबरोबर उत्पादकाचे चिन्ह नसेल तर घेऊ नये. नागदेवीत प्रतिष्ठित भारतीय उत्पादकांचा माल बंद पेटीत मिळतो. सुटा माल स्वस्त मिळतो आणि तो सुटाच राहतो. कुर्ल्याच्या भंगारातून किंवा चोर बाजारातून जुना स्टड नमुना म्हणून आणावा, बसवण्यासाठी नव्हे. शंका असल्यास एकाच पेटीतले दोन नग एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ) मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत कठीणता आणि ताण चाचणीसाठी द्यावेत. १०.९ ची कठीणता ३२ ते ३९ रॉकवेल सी यायला हवी. ती जास्त आली तरीही आनंद मानू नये.

हवे ते माप मिळत नसेल तर लेथवर करून घेता येईल का?

येईल, आणि विरळ इंजिनांसाठी तोच मार्ग उरतो. ईएन २४ चे ‘टी’ स्थितीतले, म्हणजे आधीच उष्णता-संस्कार झालेले पोलाद घ्यावे. ते लेथवर कापता येते आणि नंतर पुन्हा ‘पाणी देण्याची’, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक करण्याची, गरज पडत नाही. ओळखीचा टर्नर कितीही कुशल असला तरी दांडीला शेगडीवर पाणी देऊ पाहत असेल, तर त्याला नम्रपणे थांबवावे. डायने कापलेल्या आट्यांपेक्षा रोलिंगने दाबून काढलेले आटे थकव्याला बरेच जास्त टिकतात, कारण धातूचे तंतू तुटत नाहीत आणि तळाशी दाबाचा ताण राहतो. रोलिंग शक्य नसेल तर आटे लेथवर एका टोकाच्या हत्याराने, तळाला योग्य गोलाई ठेवून कापावेत.

स्टडना झिंक प्लेटिंग करावे का?

८.८ ला केले तरी हरकत नाही. १०.९ ला करायचेच असेल तर प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत १९० ते २२० अंशांवर अनेक तास भाजून हायड्रोजन बाहेर काढणे आवश्यक आहे. १२.९ ला करूच नये. एकदा आमच्याच कारखान्यात १२.९ चे चार स्टड प्लेटिंगहून आले. भाजून दिल्याचे तोंडी सांगितले गेले होते. संध्याकाळी हेड आवळून दिवे मालवले आणि सकाळी पाहिले तर एका स्टडचे टोक नटासकट बाकावर पडलेले होते. इंजिन एकदाही सुरू झाले नव्हते. तेव्हापासून आम्ही स्टडना फक्त केमिकल ब्लॅक करून (रसायनाने काळा थर देऊन) तेल लावतो.

काढलेले स्टड पुन्हा वापरता येतात का?

लांबी नव्या स्टडशी ताडून पाहावी, आट्यांवर पिच गेज ठेवावा, आणि नट पूर्ण लांबीभर बोटांनी फिरतो का ते पाहावे. कुठेही अडला तर तिथे दांडा ताणून बारीक झालेला असतो. शर्यतीच्या इंजिनात दर हंगामाला चुंबकीय कणांची तपासणी करून घ्यावी. आट्यांच्या तळातली चीर डोळ्यांना दिसत नाही. चारपैकी एक बाद झाला तर चारही बदलावेत.

मजबूत स्टड घेण्याऐवजी एखादा स्टड वाढवता येतो का?

कारखान्यांनीच हा मार्ग अनेकदा घेतला आहे. ट्रायम्फच्या ६५० सीसी जुळ्या इंजिनाचे हेड आधी आठ बोल्टांचे होते. १९६३ च्या युनिट रचनेत दोन सिलिंडरांच्या मधे नववा आला आणि पुढे ७५० ला दहा झाले. कारण उघड आहे : दोन बोल्टांमधले अंतर जिथे जास्त तिथे हेड किंचित धनुष्यासारखे वाकते आणि गॅस्केट तिथेच फुंकते. बाजूचे बोल्ट कितीही भारी केले तरी ती जागा दाबली जात नाही. मात्र जुन्या ओतीव भागात घरच्या घरी नवे भोक पाडण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. गॅस्केट सतत एकाच जागी फुंकत असेल तर आधी हेडचा पृष्ठभाग सरळ आहे का ते पाहावे. दहापैकी बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो आणि स्टडला हात लावावा लागत नाही.

चेन्नईच्या किंवा कोइंबतूरच्या ट्रॅकवर जाताना जादा स्टड बरोबर न्यावेत का? आणि पावसाळ्यात ते कसे ठेवावेत?

एक पूर्ण संच, नट-वॉशरसह, जरूर न्यावा. तीन सुताचा बीएसएफ स्टड शनिवारी संध्याकाळी परक्या गावात मिळत नाही. जून ते सप्टेंबर प्रत्येक स्टड तेलाने पुसून, तेलकट कागदात वेगवेगळा गुंडाळून, झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावा. वर्तमानपत्राचा कागद ओल धरतो, म्हणून तो वापरू नये. आट्यांवर गंजाचे ठिपके आलेला स्टड वायर ब्रशने उजळून बसवू नये. तो नमुन्याच्या डब्यात टाकावा.